यंत्र आपलं, तर त्याची दुखणीही आपल्याला कळायला हवीत!

पाऊस ओसरला की कोकणात आंबा-काजूच्या बागांच्या बेणणीची घाई सुरू होते. गवत कमरेएवढं वाढलेलं असतं आणि मजूर मिळता मिळत नाहीत. म्हणूनच आता पेट्रोलवर चालणारा ग्रासकटर घरोघरी दिसतो. अनेक बचतगटांनीही तो घेतलाय. केंद्र सरकारने 2014-15 मध्ये सुरू केलेल्या कृषी यांत्रिकीकरण योजनेत तर महिला शेतकऱ्यांसाठी अनुदानाचा टक्का जास्त ठेवला गेला. यंत्र बाईच्या नावावर आलं, ही चांगलीच गोष्ट. पण ते बंद पडलं की काय होतं? 'मेकॅनिक येईल तेव्हा बघू' म्हणत ते पडवीत उभं राहतं, आणि ऐन हंगामातले कमाईचे आठ-दहा दिवस वाया जातात.

सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार एकच. 'नुसतं चालू ठेवलं तर छान चालतं हो, पण गवतात घातलं की बंद पडतं!' मैत्रिणींनो, या तक्रारीतच निम्मं उत्तर आहे. इंजिन चालू होतंय म्हणजे ते मेलेलं नाही. कष्टाचं काम आलं की त्याला हवा किंवा पेट्रोल पुरत नाही, नाहीतर ओझंच जास्त होतंय.

तपासणीआधी यंत्र बंद करून थंड होऊ द्या. प्लगवरची टोपी काढून ठेवा, म्हणजे पातं चुकून फिरणार नाही. पेट्रोलजवळ चूल, विडी, काडेपेटी काही नको.

आधी पातं बघा. पातं आणि गिअरच्या डब्याच्या मध्ये गवत दोरीसारखं घट्ट गुंडाळलं जातं. ते काढलं की कित्येकदा दुखणं तिथेच संपतं. पातं बोथट झालं असेल तरी इंजिन दमतं. पात्याऐवजी नायलॉनची दोरी लावली असेल, तर ती फार लांब ठेवू नका.

मग एअर फिल्टर. धूळ आणि गवताच्या भुश्श्याने तो चोंदला की इंजिनचा श्वास कोंडतो. स्पंजचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवून लावा. कागदाचा असेल तर नुसता हलकेच झटका. तो धुवायचा नाही. इंजिन गरम झाल्यावर चोक बंद केलाय ना, तेही बघा.

पाच-दहा मिनिटं चालून बंद पडत असेल, तर संशय पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर घ्या. त्यातलं हवेचं बारीक भोक बुजलं की पेट्रोल पुढे सरकत नाही. झाकण सैल करून पुन्हा बसवल्यावर यंत्र थोडा वेळ चाललं, तर चोर सापडला! टाकीतला छोटा फिल्टरही गाळाने भरतो. तो फार महाग नसतो, बदलून टाका.

पेट्रोल जुनं नको. हल्ली पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढतं. म्हणून हंगाम संपला की टाकी रिकामी करून ठेवा. टू-स्ट्रोक इंजिन असेल तर ऑइलचं माप पुस्तिकेत लिहिलेलंच पाळा. 25 ला 1 म्हटलं असेल तर लिटरला 40 मिली, 50 ला 1 असेल तर 20 मिली. इथे अंदाजपंचे चालत नाही. ऑइल कमी पडलं तर पिस्टनच जाम होतो आणि मोठा खर्च येतो. फोर-स्ट्रोकमध्ये मात्र ऑइल पेट्रोलमध्ये मिसळायचं नसतं, ते वेगळं भरतात.

प्लग काळा पडला असेल तर पुसून घ्या, झिजला असेल तर बदला. आणि उंच, ओलं गवत एका दमात बुडातून कापू नका. आधी वरचं, मग खालचं.

एवढं करूनही बंद पडलं, तर कार्बुरेटर किंवा काजळीने भरलेला सायलेन्सर, हे काम मेकॅनिकचं. पण त्याच्याकडे जाताना कधी बंद पडतं, किती मिनिटांनी, धूर कसा, काय काय तपासलं, हे वहीत लिहून न्या. 'बघा हो काय झालंय ते' म्हणणाऱ्या बाईला दुकानात एक वागणूक मिळते. 'फिल्टर आणि प्लग मी बघितलाय, कार्बुरेटर तपासा' म्हणणाऱ्या बाईला दुसरी मिळते. ही वही गटाच्या हिशेबाच्या वहीशेजारीच ठेवा, म्हणजे पुढच्या हंगामात कुणालाही उपयोगी पडेल.