सॅन स्टॉर्म घेऊन गोव्याला: जुनी स्पोर्ट्‌स कार लांब न्यायची तर आधी काय बघायचं?

(या भागाचं शब्दांकन. बोलताना मी कोल्हापूरच्या पोरींसारखी 'गेलो, आलो' म्हणते. लिहिताना 'गेले, आले' केलंय. मामाचं बोलणं मात्र जसंच्या तसं ठेवलंय.)

मागच्या महिन्यात मी एका लाल, बुटक्या, दोन दारांच्या गाडीचा फोटो स्टोरीला टाकला आणि इनबॉक्स भरून गेला. "फेरारी आहे का?" "कितीला पडली?" "कुठल्या देशाची?" तर ऐका. ती आहे सॅन स्टॉर्म, आणि ती गोव्याची आहे.

हो, गोव्यात स्पोर्ट्‌स कार बनायची. नव्वदच्या दशकाच्या शेवटी सॅन मोटर्सनं ही गाडी आणली. दोनच माणसांची जागा, फायबरची बॉडी, पुढच्या चाकांना ताकद देणारं रेनोचं ११४९ सीसी इंजिन, साधारण ६० हॉर्सपॉवर. आजच्या हिशेबानं ६० म्हणजे काहीच नाही, घरोघरच्या हॅचबॅकमध्ये याहून जास्त असते. पण गाडी हलकी आणि जमिनीला टेकलेली, त्यामुळं ६० चा वेग ९० सारखा वाटतो. फार थोड्या बनल्या आणि आता बनत नाहीत.

आमची २००१ ची आहे. आमची म्हणजे मामाची. मामा शिरोलीच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत पॅटर्नमेकर होता. त्यानं ही सेकंडहँड घेतली तेव्हा घरात आठ दिवस अबोला होता. आता त्याचे गुडघे गेलेत. इतक्या खाली बसायचं आणि तिथनं उठायचं म्हणजे त्याला शिक्षाच. शिवाय नोंदणीचा प्रश्न. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, मग दर ५ वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. २०२२ पासून त्याची फी कारला ५,००० रुपये झाली आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनं २० वर्षांहून जुन्या कारला १०,००० रुपये. आमचं नूतनीकरण २०२६ मध्ये.

मामा म्हणाला, "गाडी हितंच उभी ऱ्हाऊन कुजाय नको. तिच्या गावाला, गोव्याला नेऊन परत आण. आणलीस तर तुझी. न्हाई तर गिऱ्हाईक तयार हाय."

म्हणून हा भाग.

लांबचा प्रवास म्हणजे किती?

कोल्हापूर ते पणजी, निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा, आंबोली, सावंतवाडी असं गेलं की साधारण सव्वादोनशे किलोमीटर. "एवढंच? हा कसला लांबचा प्रवास!" असं म्हणणाऱ्यांना मी बर्था बेन्झची गोष्ट सांगते.

ऑगस्ट १८८८. जर्मनीत बर्थाबाई नवऱ्याला न सांगता, त्यानंच बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन दोन मुलांसह मॅनहाइमहून फॉर्ट्‌सहाइमला माहेरी निघाल्या. शंभराहून थोडे जास्त किलोमीटर. तोवर मोटारीनं इतक्या लांब कुणी गेलंच नव्हतं. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेनं साफ केली. इंधन संपलं, ते औषधाच्या दुकानातनं घेतलं. उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा चांभाराकडनं त्यावर चामडं ठोकून घेतलं. जगातलं पहिलं ब्रेक लायनिंग एका चांभाराच्या हातचं आहे, हे कोल्हापूरकरांनी तरी लक्षात ठेवायला पाहिजे!

म्हणजे किलोमीटर किती यापेक्षा, वाटेत काय बिघडेल आणि ते रस्त्यावर दुरुस्त होईल का, यावरनं प्रवास लांबचा की जवळचा हे ठरतं.

गाडीचं वय रबरात मोजा

जुनी गाडी म्हटलं की सगळे इंजिनाबद्दल विचारतात. आमची गाडी २५ वर्षांत ६२,००० किलोमीटरच चालली. इंजिनाला काही झालेलं नाही. लोखंड चालण्यानं झिजतं. रबर मात्र गाडी उभी असली तरी म्हातारं होतं, आणि कमी चाललेल्या जुन्या स्पोर्ट्‌स कारची खरी अडचण हीच आहे. मीटर बघून आपण फसतो.

रबर कुठं कुठं असतं? टायर, टायमिंग बेल्ट, पाण्याचे पाइप, पेट्रोलचे पाइप, ब्रेकचे सील. एकेक बघू.

टायर. बाजूला 'डॉट' या अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ३५१४ असेल तर २०१४ सालचा ३५ वा आठवडा. आमच्या टायरची नक्षी नव्यासारखी होती, आकडे मात्र ११ वर्षांपूर्वीचे. नखानं दाबलं तर रबर दबत नव्हतं आणि बारीक भेगा होत्या. असलं रबर ओल्या घाटात रस्ता धरत नाही. चारही बदलले.

टायमिंग बेल्ट. तुटला की गाडी जागेवर थांबते, आणि बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून मोठा खर्च निघतो. म्हणून त्याची मुदत किलोमीटर आणि वर्षं अशी दोन्हीत दिलेली असते. आधी जे संपेल ते धरायचं. शेवटचा कधी बदलला हे मामाला आठवेना. आठवत नसेल तर बदलायचा.

पेट्रोलचे पाइप. यातलं ऐकून आपल्या जिल्ह्यातल्या लोकांना जरा गंमत वाटेल. आता पंपावर मिळतं ते ई२० पेट्रोल, म्हणजे त्यात २० टक्के इथेनॉल. त्यातलं काही उसापासून होतं, म्हणजे ज्या पिकावर आपला अर्धा जिल्हा जगतो त्याच्यापासून. पण २५ वर्षांपूर्वीच्या गाडीचे रबरी पाइप आणि वॉशर इथेनॉलचा विचार करून बनवलेले नसतात. ते फुगतात, मऊ पडतात, चिरतात. इथेनॉलमध्ये ऊर्जाही पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशानं कमी, त्यामुळं जुन्या गाड्यांचं मायलेज ६-७ टक्क्यांनी घटू शकतं, असा सरकारी आराखड्याचाच अंदाज होता. आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून गाडी महिनोन्‌महिने उभी असेल तर टाकीतलं पेट्रोल खराब होतं. आम्ही जुनं पेट्रोल काढलं, इथेनॉल सोसणारे नवे पाइप घातले, फिल्टर बदलला. इथं कंजुषी करू नका. बाकीचं गळालं तर गाडी थांबते, पेट्रोल गळालं तर पेटते.

फायबरच्या गाडीची आणखी एक खोड. फायबर गंजत नाही, पण त्यातनं वीजही जात नाही. पत्र्याच्या गाडीत दिव्याची परतीची वायर बॉडीलाच जोडलेली असते. फायबरमध्ये ती वेगळी लोखंडी सांगाड्यापर्यंत न्यावी लागते. आमचा डावा हेडलाइट मिणमिणत होता. मी नवा बल्ब आणला, काही फरक नाही. मामानं सांगाड्याजवळचा अर्थिंगचा नट काढला, पॉलिश पेपरनं घासला, परत आवळला. लख्ख उजेड.

एक पाइप राहिला

पाण्याचे पाइप, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे. सगळे बदलले, एक सोडून. त्याला दोन ठिकाणी विचित्र वळण आहे. मी दोन दुकानं फिरले, जोड मिळाला नाही. बाहेरनं तर चांगला दिसत होता. मी म्हटलं, चालतंय की!

डिसेंबरात सकाळी साडेसहाला निघालो. मी चालवतेय, मामा शेजारी. निपाणीपर्यंत हायवेला गाडी मस्त पळाली. गडहिंग्लजला चहा झाला. आजरा जवळ आलं तसा आत गोडसर वास यायला लागला. मला वाटलं, बाहेर कुठं तरी गुऱ्हाळ चालू असेल. मामानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "गुळाचा न्हाई वास, कूलंटचा हाय. काटा बघ."

तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर चढत होता.

अशा वेळी काय करायचं ते नीट ऐका. एसी बंद. हीटर फुल्ल. घाम फुटतो, पण हीटर इंजिनाचीच उष्णता आत आणतो, म्हणजे तो दुसरा छोटा रेडिएटरच. मग पहिली सुरक्षित जागा बघून थांबायचं, इंजिन बंद करायचं. आणि झाकण उघडायचं नाही! आतलं पाणी दाबाखाली असतं, त्यामुळं ते १०० ला न उकळता १२० अंशांच्या आसपासपर्यंत पाणीच राहतं. झाकण उघडलं की दाब जातो आणि ते सगळं एका क्षणात उकळून तोंडावर येतं.

पाऊण तास थांबलो. ऊसतोडीच्या बैलगाड्या जात होत्या, प्रत्येक जण मान वळवून बघत होता. मी मनातल्या मनात गाडी गिऱ्हाईकाला देऊन मोकळी झाले होते. रडू येत होतं, कारण चूक गाडीची नव्हती, गॅरेजची नव्हती, माझी होती.

थंड झाल्यावर बघितलं. तोच वळणाचा पाइप, टोकाशी, क्लिपच्या खाली चिरलेला. मामानं हात लावून सांगितलं, "आतनं दगड झालाय." बाहेरनं चांगला दिसणारा पाइप आतनं कडक झाला होता.

इथं एक उपाय आहे, तो पाठ करा. पाइप टोकाशी चिरला असेल आणि थोडी लांबी शिल्लक असेल, तर चिरलेला तुकडा ब्लेडनं सरळ कापायचा आणि उरलेला पाइप पुढं ओढून परत बसवायचा. आम्ही एक इंच कापला. जुनी क्लिप मात्र आवळेना. एका दादानं मला बाइकवरनं आजऱ्यात शेतीपंपाच्या दुकानात नेलं. पंपाच्या पाइपला लावतात तीच क्लिप, मापाची मिळाली. डिकीतल्या कॅनमधलं पाच लिटर पाणी हळूहळू भरलं. बर्थाबाईंना चांभार भेटला, आम्हाला पंपवाला.

मी म्हटलं, "मामा, परत जाऊया का?"

"वीस मिनटं हितंच चालू ठेव. थेंब पडला तर परत. न्हाई पडला तर म्होरं."

थेंब पडला नाही.

घाट उतरताना

आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर. तिथनं सावंतवाडीकडं उतरताना बहुतेक उंची संपते. गाडी आणि आम्ही दोघं मिळून एक हजार किलो धरा, उतार ६०० मीटर धरा. ही उंची गमावताना जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात १७-१८ लिटर, म्हणजे बादलीभर पाणी उकळीला येईल. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ही सगळी उष्णता ब्रेकमध्ये जाते.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नव्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो. ओलावा शोषल्यावरची मर्यादा १५५ धरतात. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, आणि पेडल सरळ खाली जातं. म्हणून ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं आणि घाट ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरायचा. न्यूट्रलवर कधीच नाही. आमच्या गाडीत एबीएस नाही, एअरबॅग नाहीत. मी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरले. मागनं हॉर्न वाजत होते, वाजू दिले.

मग गाडी कुणाची?

दुपारी पणजीत पोचलो. मांडवीच्या काठाला गाडी लावली. मामा टपाला धरून दोन दमात उठला, गाडीला एक फेरी मारली आणि म्हणाला, "आली बघ माहेरला." बस्स, एवढंच. दुसऱ्या दिवशी त्याच वाटेनं परत. एकूण साडेचारशेच्या वर किलोमीटर.

कोल्हापुरात आल्यावर तो पाइप काढून मी उद्यमनगरात गेले. या वेळी पाचव्या दुकानात, काउंटरवर जुना पाइप ठेवून, दुसऱ्याच एका गाडीचा हुबेहूब त्या वळणाचा मिळाला. म्हणजे तीन दुकानं जास्त फिरले असते तर तो पाऊण तास वाचला असता.

मामानं फॉर्म २९ आणि ३० वर सही केली. गाडी आता माझ्या नावावर होतेय, १०,००० ची फीसुद्धा माझ्याच खिशातनं! गिऱ्हाईकाला त्यानं स्वतः फोन करून "न्हाई" म्हणून सांगितलं.

निघण्याआधीची यादी, स्क्रीनशॉट काढून ठेवा: टायरवरचे आकडे, टायमिंग बेल्टची तारीख, पेट्रोल आणि पाण्याचा प्रत्येक पाइप (हो, प्रत्येक!), ब्रेक ऑइल, अर्थिंगचे नट, विमा आणि पीयूसी. डिकीत पाच लिटर पाणी, दोन-तीन मापांच्या क्लिपा, ब्लेड, पाने, टॉर्च. आणि लांब जाण्याआधी शंभर किलोमीटरची एक चाचणी फेरी, घराजवळच. मी ती केली नव्हती.

तुमच्या घरात, गोठ्यात, ताडपत्रीखाली अशी एखादी गाडी उभी असेल तर व्हॉइस नोट पाठवा. निवडक नोट्स पुढच्या भागात ऐकवीन. भेटू!