ओल कुठून आली?

बँकेत असताना बुडीत कर्जाची खाती मी बरीच पाहिली. खातं अचानक कधीच बुडत नाही. आधी कुठंतरी झिरपायला लागलेलं असतं. घरातल्या ओलीचंही तसंच. फरक एवढाच, की ओलीला जामीनदार नसतो, त्यामुळे दोष हाताशी सापडेल त्याच्यावर ठेवला जातो.

आपल्याकडे शेणानं सारवलेली जमीन होती, मग शहाबादी आली, मोझाइक आलं. या सगळ्या जमिनींना पाण्याचं वावडं नव्हतं. लॅमिनेटचं तसं नाही. १९७७ साली स्वीडनमधल्या पर्स्टॉर्प कंपनीनं काढलेला हा प्रकार. वर लाकडाचं छापील चित्र, त्यावर मेलामाइनचा कडक थर आणि पोटात लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला पुठ्ठा. वरचा थर पाणी अडवतो, पण सांध्यातून किंवा खालून पाणी शिरलं की पुठ्ठा फुगतो आणि एकदा फुगला की वाळल्यावरही पूर्वीसारखा बसत नाही.

माझा एक मावसभाऊ पुण्यात तळमजल्यावर राहतो. मार्चमध्ये त्यानं झोपायच्या खोलीत आणि दिवाणखान्यात लॅमिनेट बसवलं. श्रावणात झोपायच्या खोलीतले सांधे वर आले, पायाला टोचू लागले. कंत्राटदार आला, उभ्याउभ्याच म्हणाला, "बाई ओल्या फडक्यानं पुसतात ना? मग असंच होणार." झालं! अकरा वर्षं त्या घरात काम करणाऱ्या बाईंना महिनाअखेरीस येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. वहिनींनी मला फोन केला तो नुकसान सांगायला. बाईंचं त्यांनी ओघात सांगितलं. मला मात्र तेच खटकलं.

गेलो, आणि आधी नुसता फिरलो. ओल्या पुसण्यानं बिघडलेली जमीन सगळीकडे थोडीथोडी बिघडते, जिथं फडकं फिरतं तिथं सांध्यांच्या कडा उचलतात. इथं दिवाणखाना, त्याच बादलीनं पुसलेला, ठणठणीत होता. फुगवटा होता तो बाथरूमच्या भिंतीलगतच्या दीड-दोन फुटांच्या पट्ट्यात. त्याच भिंतीला वीतभर उंचीपर्यंत रंगाचे पोपडे आणि पांढरा लोणा. कडा न फुगता मधोमध उंचवटा आला असता, तर भिंतीलगत फट ठेवली नाही, म्हणून दमट हवेत पसरायला जागा मिळाली नाही, असं म्हटलं असतं. तसंही नव्हतं.

"अरे, तळमजला आहे, जमिनीतूनच येत असणार," भाऊ म्हणाला. शंका रास्त होती. जोत्यात ओलरोधक थर नसेल किंवा तुटला असेल तर ओल विटांमधून वर चढते. पण ती एकाच आतल्या भिंतीला का धरेल? बाहेरच्या भिंती कोरड्या होत्या. ओल मोजायचं दोन टोचण्यांचं यंत्र मिळतं, ते आणलं. त्याच्या आकड्यावर विसंबू नये, भिंतीत क्षार असले की तो फुगवून दाखवतो. मात्र इथली जागा तिथल्या जागेशी ताडून पाहायला ते चांगलं. बाथरूमपासून दूर जावं तसा आकडा उतरत गेला.

मग पट्ट्या उचलल्या. खालचा फोम काळा पडलेला, बुरशीचा कुबट वास आणि फोमखाली प्लॅस्टिकचा कागद नाहीच! उरला प्रश्न, पाणी नळाच्या बंद लाइनमधून येतंय की बाथरूमच्या जमिनीतून? प्लंबरनं लाइनला पंप लावून दाब दिला. काटा तासभर हलला नाही. मग नहाणी ट्रॅपच्या तोंडाला बोळा मारला, दोन इंच पाणी साठवलं, भिंतीवर पेन्सिलीची खूण केली. शेजारी एका घमेल्यात तेवढंच पाणी ठेवलं, म्हणजे वाफ होऊन किती गेलं ते कळावं. चोवीस तासांनी घमेलं होतं तसंच होतं आणि बाथरूममधलं पाणी बोटभर उतरलं होतं. भिंत आणि फरशी मिळते तिथला सांधा खाल्ला गेला होता.

वहिनी त्याच संध्याकाळी बाईंच्या घरी गेल्या. बाई आल्या, पण चार दिवसांनी. मला ते योग्यच वाटलं.

कंत्राटदाराला लगेच नव्या पट्ट्या बसवायच्या होत्या. मी अडवलं. बाथरूमची फरशी काढून वॉटरप्रूफिंग झालं, तरी शेजारच्या खोलीतला कोबा आठवड्यात वाळत नाही. त्याची तपासणी स्वस्त आहे. दीड फूट चौरस जाड प्लॅस्टिक चारी कडांनी चिकटपट्टीनं पक्कं बसवायचं, निदान सोळा तास ठेवायचं. आतून दव धरलं किंवा खालची जागा काळवंडली, तर ओल अजून आहे. आम्ही गणपतीनंतर पाहिलं, दव. दसऱ्याला पुन्हा, पुसट डाग. दिवाळीच्या आठवड्यात प्लॅस्टिक कोरडं निघालं.