वीजपुरवठादार बदलण्यापूर्वी

पानिपतजवळचे काला अंब हे स्थान १४ जानेवारी १७६१ च्या रणसंग्रामामुळे मराठी वाचकांस परिचित आहे. त्या परिसरातील घरांत आज वीज येते ती उत्तर हरियाणा बिजली वितरण निगम या एकाच संस्थेकडून. १ एप्रिल २०२५ पासून तेथे दर वाढले, तेव्हा ते स्वीकारण्यावाचून गृहस्थापुढे दुसरा मार्ग नव्हता. दिल्लीत २००२ मध्ये वितरण खाजगी कंपन्यांकडे गेले खरे, परंतु प्रत्येकीचा विभाग आखलेला आहे. घर ज्या विभागात, त्या कंपनीचे बिल. एकाच घरासाठी दोन पुरवठादारांतून एकाची निवड करण्याचा अधिकार मोठ्या प्रमाणावर वापरला गेला तो मुंबईच्या उपनगरांत. तेथील अनुभव अन्य राज्यांतील कुटुंबांनीही समजून घ्यावा असा आहे.

टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत केंद्रातून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. उपनगरांतील घरांना मात्र १९२९ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे सबर्बन कंपनी वीज देत असे. तीच पुढे रिलायन्सकडे गेली आणि २०१८ मध्ये अदानींकडे. टाटांना घरगुती ग्राहकांना थेट वीज विकता येईल काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व जुलै २००८ मध्ये त्याचे उत्तर होकारार्थी मिळाले. पण टाटांच्या तारा घरोघर पोहोचलेल्या नव्हत्या. १५ ऑक्टोबर २००९ रोजी महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने तोडगा काढला: तारा रिलायन्सच्या, वीज टाटांची. तारांच्या वापराबद्दल ग्राहकाने ‘वहन आकार’ द्यावयाचा. त्या वर्षी टाटांचे घरगुती दर कमी होते, तेव्हा ग्राहकांनी अर्ज करण्यास विलंब लावला नाही.

येथपर्यंत सारे सरळ वाटते. परंतु विजेच्या दरांची रचना एखाद्या एकत्र कुटुंबासारखी असते. जास्त वीज वापरणारा थोडा अधिक दर देतो, म्हणून एका खोलीत दिवा व पंखा चालविणाऱ्याचा दर आवाक्यात राहतो. असे मोठे ग्राहक निघून गेले तर मागे राहिलेल्यांच्या माथी त्यांचा वाटा पडतो. म्हणून २०११ मध्ये आयोगाने पुरवठादार बदललेल्यांवर अधिभार बसविला. ऑगस्ट २०१२ मध्ये तर असा बदल काही काळ महिना ३०० युनिटांपर्यंत वीज वापरणाऱ्या घरांपुरताच मर्यादित केला गेला. ते बंधन पुढे टिकले नाही, पण त्यामागील प्रश्न खोटा नव्हता. काही कुटुंबांनी जो फरक हिशेबात धरून अर्ज केला होता, तो अधिभाराने बराचसा गिळला. आमच्या मते ग्राहकाचा यात दोष नाही. नियम आधी आखून मग दार उघडावयास हवे होते.

पुढे वारे उलटेही फिरले. १ एप्रिल २०२४ पासून टाटांच्या दरांत सरासरी सुमारे २४ टक्के वाढ मंजूर झाली आणि २००९ चे गणित पुन्हा मांडणे भाग पडले. म्हणून दरवाढीची वार्ता कानी येताच अर्ज भरण्याऐवजी मागील बारा महिन्यांची बिले काढून बसावे. वर्षाची सरासरी धरून भागत नाही. महाराष्ट्रात दराचे टप्पे १००, ३०० व ५०० युनिटांवर बदलतात आणि ते प्रत्येक महिन्याला स्वतंत्रपणे लागू होतात. जानेवारीत १८० व मे महिन्यात ४५० युनिटे वापरणाऱ्या घरास एक पुरवठादार हिवाळ्यात स्वस्त आणि उन्हाळ्यात महाग पडू शकतो. प्रत्येक महिन्याच्या युनिटांना दोन्ही दरपत्रके लावून पाहावीत. वीज आकारासोबत वहन आकार, स्थिर आकार, इंधन समायोजन आकार आणि या सर्वांनंतर येणारे वीज शुल्क, सारे मिळवावे. शाळेत जाणारी मुलगीही हे काम एका संध्याकाळी करील, आणि कदाचित वडिलांपेक्षा अचूक करील. आणखी एक गोष्ट: तारा जुन्याच कंपनीच्या राहिल्या तर त्यांत बिघाड झाल्यास दुरुस्तीही तिच्याकडेच राहते. पुरवठादार बदलला म्हणून वीज जाणे कमी होत नाही.

ज्यांना पुरवठादार निवडता येत नाही, त्यांनी बिलावरील ‘मंजूर भार’ हा रकाना पाहावा. दिल्लीत ऑगस्ट २०१९ पासूनच्या दरपत्रकात ५ किलोवॉट भाराच्या घरास स्थिर आकार किलोवॉटमागे ५० रुपये, म्हणजे महिना २५० रुपये ठरला. ६ किलोवॉट होताच तो १०० रुपयांच्या दराने ६०० झाला. हरियाणातही ५ किलोवॉटच्या पुढे ग्राहकाचा वर्ग बदलतो. मुले नोकरीनिमित्त परगावी गेली, वातानुकूलन यंत्र विकले, तरी जुना भार बिलावर तसाच राहिलेला अनेक घरांत आढळेल. तो कमी करून घेण्यासाठी अर्ज करता येतो. मात्र मीटरवर नोंदलेली कमाल मागणी आधी पाहावी, कारण प्रत्यक्ष वापर अधिक निघाल्यास भार पुन्हा वाढविला जातो.

केंद्राच्या २०२३ च्या नियमांत स्मार्ट मीटर असलेल्यांसाठी सूर्यप्रकाशाच्या तासांतील दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी ठेवावा असे म्हटले आहे. आपल्या राज्याच्या दरपत्रकात त्याचे काय झाले ते पाहून मगच कपडे धुण्याचे यंत्र आणि पाण्याचा पंप यांची वेळ ठरवावी.