धुऱ्यावरचं गवत आणि बांधीतला करपा

चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूरच्या आसपास कापूस आणि सिमेंट कारखाने. धानाच्या बांध्या लागतात त्या पूर्वेला, मूल-सिंदेवाही-नागभीड पट्ट्यात आणि गडचिरोलीकडे. तिथे पानावर दोन्ही टोकांना निमुळता, मधे राखाडी, कडेने तपकिरी ठिपका दिसला की खापर धुऱ्यावरच्या गवतावर फुटतं. हा करपा रोग गवतातूनच आला, असं ठाम मत.

गवतावर करपा असतो, हे खरं. धान, नाचणी, राळा, गहू या सगळ्यांवर येणारी बुरशी एकाच नावाने ओळखली जाते: पायरिक्युलेरिया ओरायझी. पण डीएनए ताडून पाहिला की एका नावाखाली अनेक घराणी निघतात. धानावरची वेगळी, नाचणीवरची वेगळी. प्रयोगशाळेत एकीला दुसरीच्या पिकावर थोडीफार वाढवता येते. शेतात बहुधा जी ती आपापलं पीक धरून राहते. काही तणांवर धानाचं घराणंही सापडतं, म्हणून धुरा साफ ठेवणं चुकीचं नाही. मुख्य गुन्हेगार मात्र तो नव्हे.

मग बुरशी पीक बदलतच नाही? बदलते, क्वचित. धानाच्या करप्याचं मूळ राळ्याच्या जातकुळीतल्या गवतांवरच्या बुरशीत आहे, हजारो वर्षांपूर्वीचं. गव्हाचं उदाहरण तर कालपरवाचं. १९८५ साली ब्राझीलच्या पराना राज्यात गव्हावर पहिल्यांदा करपा दिसला. या बुरशीला ओळखणारं एक जनुक नसलेली गव्हाची वाणं तिथे मोठ्या प्रमाणावर पेरली गेली होती, आणि तेवढी फट तिला पुरली. २०१६ मध्ये हाच रोग बांगलादेशात उतरला. देश धानाचा, तेव्हा शेजारच्या बांधीवर संशय जाणं साहजिक. जनुकीय तपासणीत नातं निघालं ते दक्षिण अमेरिकेतल्या गव्हाच्या बुरशीशी!

‘प्रतिकारक वाण लावलं, आता घोर नाही’ हेही अर्धसत्य. असं वाण बहुतेकदा बुरशीचं एखादंच प्रथिन ओळखतं. ते बनवणारं जनुक बुरशीने गमावलं किंवा बदललं, की पहारा फसतो. धानावरची बुरशी बहुतेक ठिकाणी लैंगिक संयोगाशिवायच वाढते, तरी उत्परिवर्तन आणि डीएनएत जागा बदलणारे तुकडे यांतून नवे प्रकार येतच राहतात. मैलोन्‌मैल एकच वाण असलं, तर या नव्या प्रकारांतल्या एकाला जमलेली युक्ती सगळीकडे चालते.

पान करपलं म्हणून युरिया टाकणं हा तर उलटा उपाय. जादा नत्राने करपा बळावतो. पुढे तो लोंबीच्या मानेवर उतरला, म्हणजे मानमोडी झाली, की दाणा पोचट राहतो. बुरशी पुढच्या हंगामापर्यंत टिकते ती मुख्यतः रोगट तणसात आणि बियाण्यात. म्हणून परे टाकण्याआधी बियाणं मिठाच्या ३ टक्के द्रावणात बुडवून तरंगणारं काढून टाकायचं, बुडालेलं धुऊन सुकवायचं आणि त्याला बुरशीनाशक चोळायचं.