सुश्रुताची शस्त्रविद्या

चरकसंहितेचा भर औषधोपचारांवर आहे. शस्त्रक्रियेतला अधिकार मात्र सुश्रुतसंहितेचा. परंपरा सुश्रुताला काशीच्या दिवोदास धन्वंतरीचा शिष्य मानते. ग्रंथात १०१ यंत्रे आणि २० शस्त्रे सांगितली आहेत. त्याहून मोलाची आहे ती शिकवण्याची रीत: शिष्याने छेद घ्यायला शिकायचे ते कोहळा, दुधी, काकडीवर, केवळ ग्रंथ पाठ असलेल्याला शस्त्र हाती धरण्याचा अधिकार नाही.

तुटलेले नाक जोडण्याची कृती तर थक्क करते. नाकाच्या मापाचे पान घ्यायचे, तेवढी त्वचा गालावरून सोडवायची, पण एका बाजूने जोडलेलीच ठेवायची, म्हणजे रक्तपुरवठा टिकतो. मग ती नाकावर बसवून शिवायची आणि श्वासासाठी दोन नळ्या घालायच्या.

या विद्येचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला तिथे कपाळाच्या त्वचेचे नवे नाक मिळाले. १७९४ साली लंडनच्या मासिकात ही हकीकत छापून आली. ती वाचून इंग्रज शल्यचिकित्सक जोसेफ कार्प्यू यांनी आधी प्रेतांवर सराव केला आणि १८१४ मध्ये इंग्लंडमध्ये तशीच शस्त्रक्रिया यशस्वी केली. कपाळाच्या त्वचेची ही पद्धत प्लास्टिक सर्जन आजही वापरतात.