मठ, निवासस्थान आणि स्मारक : बकलंड अॅबेचे वाचन

प्रस्तावना :
इतिहासाच्या अभ्यासकास वास्तू ही दस्तऐवजाप्रमाणेच वाचावी लागते. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील बकलंड अॅबे हे याचे उत्तम उदाहरण होय. प्लिमथ बंदराच्या उत्तरेस असलेल्या या वास्तूत मठ, निवासस्थान व संग्रहालय अशा तीन अवस्था एकत्र आढळतात. प्रस्तुत लेखात त्यांचा परिचय करून देऊन तेथे काय पाहावे, याचा विचार केला आहे.

मठाकडून घराकडे :
इ. स. १२७८ मध्ये डेव्हनची काउंटेस अमिसिया हिने सिस्टर्शियन पंथीय संन्याशांसाठी हा मठ स्थापन केला. आठव्या हेन्रीच्या मठविसर्जनात तो १५३९ मध्ये बंद झाला व १५४१ मध्ये ग्रेनव्हिल घराण्याकडे आला. खरेदीदाराचा नातू सर रिचर्ड ग्रेनव्हिल याने त्याचे निवासस्थान केले. अन्यत्र बहुधा चर्च पाडून मठाच्या इतर इमारती वापरल्या गेल्या. येथे मात्र चर्चच्या भिंतींतच मजले घालून घर उभारण्यात आले. त्यामुळे मध्यवर्ती मनोरा टिकला. पाडलेल्या दालनाच्या छताची खूण त्यावर आजही दिसते. दिवाणखान्यातील गिलाव्याच्या नक्षीत १५७६ हे साल कोरलेले आहे.

दर्यावर्दी मालक :
१५७७ ते १५८० या काळात पृथ्वीप्रदक्षिणा करून परतलेल्या फ्रान्सिस ड्रेकने मध्यस्थांमार्फत हे घर विकत घेतले. ड्रेकचा म्हणून ओळखला जाणारा नगारा याच घराशी निगडित आहे. देशावर संकट आल्यास तो आपोआप वाजतो, ही समजूत पसरण्यास हेन्री न्यूबोल्टची एकोणिसाव्या शतकाअखेरची कविता मोठ्या प्रमाणात कारणीभूत ठरली. म्हणजेच वस्तू जुनी असली, तरी तिच्याभोवतीची आख्यायिका पुष्कळ अंशी अर्वाचीन आहे.

स्मृतीचा प्रश्न :
१९४८ पासून ही वास्तू नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे. ड्रेकला राष्ट्रवीर मानण्याची परंपरा दीर्घ आहे; तथापि १५६० च्या दशकात जॉन हॉकिन्सच्या गुलामव्यापारी सफरींत त्याचा सहभाग होता, हेही तितकेच सत्य आहे. नगारा पाहणाऱ्यास पराक्रम सहज आठवतो. आफ्रिकेतून पळवून विकलेल्या माणसांची मात्र अशी एकही वस्तू समोर नसते. म्हणून ही उणीव प्रदर्शनाच्या मांडणीनेच भरून काढावी लागते.

समारोप :
बकलंडमध्ये प्रत्येक मालकाने आधीच्या काळाचा काही भाग राखला व काही पुसला. जे उरले त्याबरोबरच जे वगळले गेले तेही विद्यार्थ्यांस दाखविणे, हे क्षेत्रभेटीचे खरे प्रयोजन होय.