घर क्रमांक ०१०

महाराष्ट्राची मोजणी नंदुरबारपासून सुरू होते. लोकसभेच्या ४८ मतदारसंघांत पहिला नंदुरबारचा. विधानसभेच्या २८८ मतदारसंघांत पहिला अक्कलकुवा, दुसरा शहादा, तिसरा नंदुरबार, चौथा नवापूर. २०११च्या जनगणनेत देशभरच्या जिल्ह्यांना सलग क्रमांक दिले होते. त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला ४९७ ते ५३१ आले, आणि ४९७ म्हणजे नंदुरबार. १ जुलै १९९८ला धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा नकाशाच्या वायव्य कोपऱ्यात आहे, म्हणून क्रमांकांच्या यादीत तो आधी येतो.

याच जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यात घरोघरच्या पाहणीसाठी क्रमांक तयार करण्याचे काम मी केले. एका घराला एक फॉर्म, एका फॉर्मला एक चिकटपट्टी आणि तिच्यावर एक क्रमांक: गावाचे दोन अंक, पाड्याचे दोन, घराचे तीन. क्रमांक लिनक्सच्या शेलमध्ये, चार-सहा ओळींच्या स्क्रिप्टने निघतात. त्या ओळी कशा लिहायच्या हे मात्र सातपुड्याच्या उतारावर घरे कशी उभी आहेत त्यावर ठरते.

इथले गाव म्हणजे एका जागी दाटलेली वस्ती नव्हे. गावाचे अनेक पाडे असतात, एक या टेकडीवर तर दुसरा नाल्यापलीकडे, आणि पाड्यातही प्रत्येक घर आपापल्या शेतात. एकामागून एक घर नसल्यामुळे पहिले कोणते आणि दुसरे कोणते हे आधी ठरवावे लागते. तो क्रम अंगणवाडी सेविकेने ठरवला, ती ज्या वाटेने पाडा फिरते त्या वाटेचा. मी एक, दोन, तीन असे सलग आकडे मांडले होते. ते पाहून तिने विचारले, “भाऊ, दिवाळीनंतर पोराचं लग्न झालं की बाजूला दुसरं घर उभं राहतं. त्याला कोणता नंबर देणार?”

म्हणून आम्ही दहाच्या टप्प्याने मोजायला लागलो: ०१०, ०२०, ०३०. मधल्या नऊ जागा पुढे वेगळ्या होणाऱ्या भावांसाठी. १९६४ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात बेसिक ही संगणकभाषा तयार झाली. तिच्यात प्रोग्रामच्या ओळींनाही बहुतेक जण दहा, वीस, तीस असेच क्रमांक देत, उद्या मध्ये एखादी ओळ घालावी लागली तर जागा असावी म्हणून. सेविकेला हे माहीत असण्याचे काही कारण नव्हते. तिचा हिशेब पाड्यावरच्या लग्नांचा होता.

टप्पा ठरला की शेलमध्ये काम सोपे वाटते. ‘सेक’ नावाची आज्ञा आहे. तिला सुरुवात, टप्पा आणि शेवट सांगितला की ती आकडे ओळीने मांडते. बॅश या शेलमध्ये महिरपी कंसात सुरुवात आणि शेवट लिहून मध्ये दोन टिंबे दिली तरी तेच होते. टप्पा सांगण्याची आणि पुढे शून्ये राखण्याची सोय त्यात २००९च्या चौथ्या आवृत्तीपासून आहे. पण आमच्या कामाला महिरपी कंस चालत नाहीत. प्रत्येक पाड्यातली घरे वेगळी, त्यामुळे शेवटचा आकडा फाइलमधून वाचून चलात ठेवावा लागतो, आणि बॅश आधी कंस उलगडतो, चलाची किंमत नंतर भरतो. कंस उलगडायची वेळ येते तेव्हा शेवट कुठे आहे हेच त्याला ठाऊक नसते. म्हणून बाहेर एक ‘व्हाइल’चा लूप, जो पाड्यांची यादी ओळीओळीने वाचतो, आणि आत एक ‘फॉर’चा लूप, जो त्या पाड्याची घरे मोजतो.

खरी मेहनत पुढच्या शून्याची आहे. शून्य लावले नाही तर यादी वर्णक्रमाने लावताना १०० हा २०च्या आधी येतो, कारण संगणक तिथे पहिले चिन्ह पाहतो, एकूण किंमत नाही. सगळे क्रमांक तीन अंकी केले की वर्णक्रम आणि संख्याक्रम एकच होतात. ‘सेक’ला सारख्या रुंदीचे आकडे मागता येतात, पण ती रुंदी ठरते समोरच्या मालिकेपुरती. चाळीस घरांच्या पाड्यात शेवटचा आकडा ४०० असल्यामुळे पहिला ०१० निघतो. नऊ घरांच्या पाड्यात शेवट ९० वर, तिथे पहिला नुसता १० निघतो. एकाच गावात दोन तऱ्हेचे क्रमांक! लहान पाडे इथे पुष्कळ आहेत. म्हणून रुंदी ‘प्रिंटएफ’ला बजावून सांगायची: घर कितीही असो, तीन अंक.

शून्याची दुसरी खोड जास्त घातक आहे. पुढे शून्य असलेला आकडा गणितात आला की बॅश तो अष्टमान पद्धतीचा समजतो. ०१० म्हणजे त्याच्या लेखी आठ. ०१० मध्ये दहा मिळवायला सांगितले तर उत्तर अठरा येते आणि कुठलीही सूचना येत नाही. ०८० दिले तर तो अडतो, कारण अष्टमानात आठ हा अंकच नाही. अडला ते बरेच, निदान कळते. ०१०ची चूक मुकाट्याने पुढे जाते आणि दुसऱ्या घराच्या चिकटपट्टीवर ०२०ऐवजी ०१८ छापले जाते. आकडेमोड साध्या आकड्यांवर करायची आणि शून्य फक्त छापताना लावायचे, हा नियम मी मोडत नाही. छापील क्रमांक पुन्हा गणितात घ्यायचाच झाला तर त्याच्याआधी दहा आणि हॅशचे चिन्ह लिहून हा दशमान आहे असे शेलला सांगता येते.

मराठी अंकांचेही असेच. पाड्यावर फिरणाऱ्यांना क्रमांक मराठीत हवे होते, आणि ते मिळायलाच हवेत. पण शेलचे गणित देवनागरी अंक ओळखत नाही, म्हणून तेही शेवटच्या पायरीवर. चिन्हाच्या जागी चिन्ह बदलणारी लिनक्सची ‘टीआर’ ही आज्ञा एकेक बाइट पाहते. यूटीएफ-८ मध्ये आपला एक अंक तीन बाइटांचा, त्यामुळे तिच्या हातून अंकांचा चुरा होतो. ‘सेड’ अख्खी चिन्हे ओळखते, दहाच्या दहा अंक नीट बदलून देते.

क्रमांक असे ओळीत कशाला हवेत, वाटेल तो आकडा का नको, असे एकाने विचारले. प्रश्न योग्य होता. देशातला पहिला आधार क्रमांक याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१०ला दिला गेला, आणि आधारच्या बारा अंकांपैकी पहिले अकरा मुद्दाम यादृच्छिक असतात. त्यावरून माणसाचे गाव, वय, जात काही कळू नये अशी त्याची रचना आहे. शेवटचा अंक डच गणिती फेरहूफ यांच्या १९६९च्या रीतीने आधीच्या अकरांवरून काढलेला, लिहिताना एखादा अंक चुकला तर पकडता यावा यासाठी. माणसाच्या कायमच्या ओळखीला तेच योग्य. आमचा क्रमांक माणसाचा नाही, कागदाचा आहे, आणि कागद हरवला तर ते दिसले पाहिजे. ०४० नंतर ०६० आला तर मधला ०५० कुठे गेला हे कोणीही विचारू शकते. यादृच्छिक आकड्यांत अशी मोकळी जागा डोळ्यांना दिसत नाही.

त्यामुळे हेच लूप मी दोनदा चालवतो. पहिल्यांदा चिकटपट्ट्या छापायला आणि फॉर्म परत आल्यावर पुन्हा एकदा, यायला हवे होते ते सगळे क्रमांक एका फाइलीत ओतायला. दुसऱ्या फाइलीत प्रत्यक्ष आलेले. ‘कॉम’ ही आज्ञा दोन्ही शेजारी ठेवून पहिलीत असलेले आणि दुसरीत नसलेले तेवढे दाखवते. दोन्ही याद्या क्रमाने लावलेल्या असाव्या लागतात, आणि तीन अंकी रुंदी इथे पुन्हा उपयोगी पडते. क्षणात उरलेल्यांची यादी समोर येते.

त्या यादीत काही क्रमांक फॉर्म खराब झाल्याचे असतात. पण एखाद्या पाड्यातले सलग पाच-सहा क्रमांक गायब दिसले तर ती बहुधा कुलूप लावलेली घरे असतात. दिवाळीनंतर इथली कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. पाहणी त्या दिवसांत केली तर सर्वांत गरजू घरे मोजणीतून निसटतात, आणि आलेल्या फॉर्मांवरून काढलेली सरासरी पाड्याची स्थिती आहे त्याहून बरी दाखवते. आता मी क्रमांकापुढे कारणाचा एक रकाना जोडतो आणि स्थलांतरित घरांची यादी पाड्यानुसार वेगळी काढतो. ती मराठी अंकांत छापून सेविकेकडे जाते. कोणते कुटुंब कधी परतणार हे ती तारखेनिशी सांगू शकते, आणि फॉर्म भरायला पुन्हा कधी चढायचे ते त्या तारखांवरून ठरते.